अमेरिकेतील राज्य विद्यापीठात नैसर्गिक संसाधने व संवर्धन : निवड कशावरून करावी?

सुगरण (प्रश्न):
नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली असून, अमेरिकेतील एखाद्या राज्य विद्यापीठात नैसर्गिक संसाधने व संवर्धन या विषयात एम.एस. करण्याचा विचार करीत आहे. हा विषय कुठे वनशास्त्र महाविद्यालयात, कुठे कृषी महाविद्यालयात, तर कुठे मत्स्य व वन्यजीव विभागात दिसतो आणि अभ्यासक्रमांची वर्णने मात्र सगळीकडे जवळजवळ सारखीच वाटतात. मग निवड कशावरून करावी? शिक्षणानंतर तेथील वनसेवेत किंवा राष्ट्रीय उद्यानात नोकरी मिळू शकते का? पूर्ण शुल्क भरणे मला परवडणार नाही, हेही सांगून ठेवते.

पाणकावळा:
आपण विभागाची तुलना करीत आहात. माझ्या मते तुलना प्राध्यापकांची आणि त्यांच्याकडील प्रकल्पांची करावी. विषय वेगवेगळ्या महाविद्यालयांत विखुरला, त्याचे कारण इतिहासात आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली गेली. माती, कुरणे आणि जंगल हे विषय त्यामुळे अनेक ठिकाणी शेतीच्याच छताखाली वाढले. १९३५ पासून काही विद्यापीठांत सहकारी वन्यजीव संशोधन केंद्रे सुरू झाली, ज्यांत संघराज्य सरकार, त्या राज्याचा वन्यजीव विभाग आणि विद्यापीठ एकत्र काम करतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो, आणि वनसंशोधनासाठी १९६२ पासून मॅकिन्टायर-स्टेनिस निधी आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, विद्यार्थ्याचे वेतन बहुधा याच वाटांनी येते. राज्याला हरणांची गणना हवी असते किंवा वणव्यानंतर कोणती झाडे परत उगवतात हे जाणून घ्यायचे असते. त्यासाठी प्राध्यापकाला अनुदान मिळते आणि तो संशोधन साहाय्यक नेमतो. अशा साहाय्यकाला सहसा शुल्कमाफी व दरमहा मानधन मिळते. म्हणून या क्षेत्रात आधी अर्ज आणि मग मार्गदर्शक, असा क्रम ठेवला तर निराशा होण्याचीच शक्यता अधिक. मार्गदर्शकाने होकार दिल्यावरच अर्ज करावा, अशी सूचना कित्येक विभाग स्वतःच देतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वन्यजीव नोकरीफलकावर अशा जागांच्या जाहिराती नियमित येतात. प्राध्यापकाला पाठवायचे पत्र एका पानाचे असावे, आणि त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला व आपल्याला काय करता येते, हे त्यात नेमके यावे. 'मला निसर्गाची आवड आहे' हे वाक्य कृपया गाळा, ते प्रत्येक पत्रात असते. प्रबंधाविना केवळ अभ्यासक्रम पूर्ण करून मिळणारी पदवी बहुतेक स्वखर्चाची असते, त्यामुळे आपल्या अटीत ती बसत नाही.

तांबट:
नोकरीबाबत स्पष्ट लिहितो. वनसेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा, मत्स्य व वन्यजीव सेवा ही संघराज्य सरकारची खाती असून तेथील नियमित पदे साधारणपणे अमेरिकी नागरिकांनाच मिळतात. आपल्यासाठी खुली वाट म्हणजे पदवीनंतरचे बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अधिकृत यादीत असल्यास आणखी चोवीस महिने. विभागाचे नाव काहीही असो, निर्णय आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशपत्रावर) छापलेल्या सीआयपी संकेतांकावरून, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरण क्रमांकावरून होतो. या शाखेचे संकेतांक ०३ ने सुरू होतात, मात्र त्यांतले सगळेच त्या यादीत नाहीत. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी पूर्ण संकेतांक लेखी विचारून घ्या. वाढीव काळासाठी मालकाची ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला काम करण्याची परवानगी आहे का, हे तपासणाऱ्या सरकारी संगणक प्रणालीत) नोंदणी असावी लागते, आणि छोट्या संवर्धन संस्थांच्या बाबतीत घोडे नेमके तिथेच अडते.

सुगरण:
दोघांचेही आभार. माझा अनुभव मुख्यतः प्रयोगशाळेतला आहे. वन्यजीवाऐवजी वनपरिसंस्थेकडे वळणे अधिक योग्य ठरेल का?

पाणकावळा:
होय, आपल्या पदवीचा उपयोग तिथे थेट होईल. वनमापनाची तयारी मात्र आतापासून करावी. तेथे झाडाचा व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे सुमारे १.३७ मीटरवर मोजतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरतात. त्यासाठीच्या फितीवरील खुणा π (पाय, म्हणजे सुमारे ३.१४) या संख्येच्या पटीत असतात, त्यामुळे फीत खोडाभोवती गुंडाळली की परिघाऐवजी व्यासच वाचता येतो. फीत तिरकी बसली किंवा वेलीवरून गेली की आकडा फुगतो, आणि तीच चूक शेकडो झाडांवर झाली तर लाकडाचा अंदाजही चुकतो. जोडीला आर या संगणक भाषेतील संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व स्थानिक माहिती हाताळण्याची प्रणाली) शिकून घ्या. प्रयोगशाळेतील नोंदी काटेकोर ठेवण्याची सवय पत्रात अवश्य नमूद करा. क्षेत्रकाम शिकवता येते, पण गबाळ्या नोंदी निस्तरण्याची कोणत्याही प्राध्यापकाची तयारी नसते.