लिस्बनमध्ये शाकाहारी आई आणि मासेखाऊ बाबा: जेवणाची सोय कशी करावी?

मृणाल, पुणे
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन लिस्बनला जात आहे. मुक्काम रोसिउ चौकाजवळ आहे. बाबांना मासे अतिशय प्रिय असून तिथली वाइन चाखण्याचीही त्यांची इच्छा आहे. आई शाकाहारी आहे. तिला अंडे चालते, परंतु मांसाच्या पाण्यात शिजवलेले काहीही चालत नाही. तिघांना एकाच टेबलावर बसून जेवता यावे, रोज भारतीय उपाहारगृह शोधत फिरावे लागू नये आणि केवळ पर्यटकांसाठी थाटलेल्या ठिकाणी पैसे जाऊ नयेत, अशी अपेक्षा आहे. शिवाय लिस्बनच्याच बेलें या भागातील प्रसिद्ध कस्टर्ड पेस्ट्रीसाठी मुद्दाम तिथवर जावे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

अनिरुद्ध, सध्या लिस्बन
मृणालताई, दिवसाचे मुख्य जेवण दुपारी घ्या. इथल्या वस्त्यांमधील छोट्या खाणावळींना ताश्का म्हणतात. तिथे दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसापुरता ठरलेला पदार्थ, बहुधा दारावरच्या कागदावर हाताने लिहून लावलेला असतो आणि आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे तेच जेवायला येतात. रोसिउपासून नदीकडे जाणाऱ्या रुआ आउगुश्तावर पदार्थांचे फोटो छापलेली मेनूकार्डे घेऊन हाका मारणारे लोक उभे असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे आणि ग्रासा, कांपु द ओरीक किंवा आल्व्हालाद या वस्त्यांकडे जावे. रविवारी अनेक ताश्का बंद असतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज असे काही न मागता समोर आणून ठेवतील. ते फुकट नसते. कायद्यानुसार तुम्ही न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या या पदार्थांचे पैसे आकारता येत नाहीत, त्यामुळे नको असल्यास लगेच परत पाठवावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. मेनूवर ‘मैया दोझ’ आणि ‘दोझ’ असे दोन भाव दिसले, तर पहिला अर्ध्या वाढपाचा असतो आणि एका माणसाला तो सहसा पुरतो. कोळशावर भाजलेला ताजा मासा पुष्कळ ठिकाणी किलोच्या भावाने विकतात. बाबांनी मासा निवडला की तो आधी वजन करून घ्यावा आणि एकूण किंमत विचारावी, म्हणजे बिल पाहून कोणी दचकणार नाही.

तुमच्या तारखा बाबांच्या दृष्टीने फार चांगल्या आहेत. संत अंतोनियोचा मुख्य उत्सव 12 जूनच्या रात्री असतो. त्या दिवसांत आल्फामा, ग्रासा, मोरारिया या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमध्ये लोक घराबाहेर शेगड्या मांडून सार्डिन भाजतात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. गर्दी मात्र प्रचंड होते, म्हणून ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना 12 तारखेच्या रात्री उशिरापर्यंत थांबण्याऐवजी एक-दोन दिवस आधी संध्याकाळीच फेरी मारावी, असे मला वाटते. 13 तारखेला शहरात सुट्टी असते. माशांबरोबर वायव्येकडील मिन्यु भागातील हलकी, किंचित फसफसणारी ‘व्हिन्यु व्हेर्द’ मागवा; ताश्कातील जगमधली साधी वाइनही बहुधा निराश करत नाही. रोसिउला लागूनच असलेल्या साव दोमिंगुश चौकात आंबट चेरीपासून केलेली जिंजीन्या ही गोडसर दारू विकणारे 1840 सालचे एक चिमुकले दुकान आहे. तिथे उभ्या उभ्या छोटा पेला घ्यायचा, आणि पेल्यात चेरी हवी की नको, हे आधी सांगायचे.

सुलभा, नाशिक
ताश्काचा सल्ला बाबांसाठी उत्तम आहे, परंतु आईंच्या दृष्टीने तो अपुरा आहे. अशा ठिकाणी शाकाहारी माणसाच्या वाट्याला ऑम्लेट, तळलेले बटाटे आणि सॅलड येते. एकदा ठीक, तिसऱ्या दिवशी ते ताट पाहवत नाही. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर टूना किंवा हॅम घातलेले काही येण्याची शक्यता असते. म्हणून ‘सें कार्न, सें पैश, सें प्रेझुंतु’, म्हणजे मांस, मासा आणि हॅम तिन्ही नको, असे स्पष्ट सांगावे. बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचे ‘काल्दु व्हेर्द’ हे सूप दिसायला निरुपद्रवी असले, तरी त्यात सहसा डुकराच्या सॉसेजची चकती असते, आणि ती काढून टाकली तरी तिची चव सूपमध्ये उतरलेलीच असते. उलट ‘पैशीन्युश दा ओर्ता’ या नावात मासे असले तरी त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा आहेत. आईंना त्या नक्की आवडतील.

निदान एका संध्याकाळी काइश दु सोद्रेजवळच्या रिबैरा मंडईत जावे. मंडईच्या एका भागात 2014 पासून अनेक उपाहारगृहांचे गाळे एकत्र आहेत; प्रत्येकाने आपल्या आवडीचे घ्यावे आणि सामाईक टेबलावर बसावे. तो भाग महाग आणि गोंगाटाचा आहे हे मान्य, पण एकाच टेबलावर तिघांचे जेवण ही तुमची अट तिथे सहज पूर्ण होते. याशिवाय सालित्र रस्त्यावर ‘ओश तिबेतानुश’ हे जुने शाकाहारी उपाहारगृह आहे. रोसिउहून तिथे चालत जाता येते. शेवटचा टप्पा चढाचा आहे.

मडगावकर
एक सावधगिरीची सूचना. लिस्बनच्या साध्या कॅफेतही काचेच्या कपाटात समोसा दिसतो. तिथे त्याला शमुसा म्हणतात, आणि आपल्या गोव्याच्या व मोझांबिकहून आलेल्या लोकांमुळे तो तिकडे रुजला. आत बहुधा मांस असते, तेव्हा आईंनी ओळखीचा त्रिकोण पाहून विश्वास ठेवू नये. बाबांना मात्र शागोती, सारपातेल किंवा कोळंबीची कढी देणाऱ्या एखाद्या गोवेकरी उपाहारगृहात एकदा जरूर न्या. 1961 नंतर तिकडे गेलेल्या कुटुंबांनी ही चव टिकवली आहे. आईंना वरण-भातासारखे काही हवेसे वाटले, तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. तिथला समाज मुख्यतः मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा असून मंदिराच्या कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळते. निघण्यापूर्वी वेळ फोनवर विचारून घ्यावी.

मृणाल, पुणे
सर्वांचे मनःपूर्वक आभार. समोशाची सूचना आईला आत्ताच वाचून दाखवली. बेलेंचे काय करावे, ते तेवढे राहिले.

अनिरुद्ध, सध्या लिस्बन
जरूर जा, पण केवळ पेस्ट्रीसाठी नको. तिथला जेरोनिमुश मठ पाहायला जाल तेव्हा ती खा. ही पेस्ट्री मूळची त्या मठातली; 1834 मध्ये पोर्तुगालमधील मठ बंद करण्यात आले आणि 1837 पासून मठाशेजारच्या या दुकानात ती विकली जाते. 15 क्रमांकाची ट्राम तिथे जाते. बाहेर दिसणारी लांबलचक रांग बहुधा बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या टाइल्सच्या अनेक खोल्या आहेत, तिथे बसायला पुष्कळदा लवकर जागा मिळते. पेस्ट्री गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरून खावी. तोच पदार्थ इतरत्र ‘पास्तेल द नाता’ या नावाने मिळतो, आणि मला स्वतःला कामोंइश चौकाजवळच्या मांतैगारिया या दुकानातला अधिक आवडतो. तिथे नवी खेप भट्टीतून निघाली की घंटा वाजवतात. बसायला जागा नाही, काउंटरपाशी उभे राहून कॉफीबरोबर खायचे. काळी, कडक छोटी कॉफी हवी असल्यास ‘बिका’ मागा. आई-बाबांना दुधाची चालत असेल तर त्यांच्यासाठी ‘गलांव’ सांगा, ती उंच ग्लासात भरपूर दूध घालून देतात.