ऑस्करचं नामांकन हुकलं म्हणून भांडतो, पण अहिराणीची प्रवेशिकाच जात नाही त्याचं काय?

पांझराकाठ (धुळे)

पुरस्कारांचा हंगाम आला की सगळीकडे एकच विषय, कोणाला नामांकन मिळालं आणि कोणाला डावललं. २०२४ मध्ये भारताकडून ऑस्करला 'लापता लेडीज' गेला आणि कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मागे राहिला. पुढे 'लापता लेडीज' पहिल्या पंधरातही आला नाही, आणि ब्रिटनने पाठवलेला हिंदी 'संतोष' मात्र आला. लोक अजून त्यावर हातघाईला येतात. २०१३ मध्ये 'द लंचबॉक्स' सोडून 'द गुड रोड' पाठवला तेव्हाही हेच झालं होतं.

हे वाद मला फालतू वाटत नाहीत. एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा असा नियम असल्यावर निवड चुकली की वर्ष गेलंच. पण जो सिनेमा शर्यतीत उतरला त्याच्यावर अन्याय झाला का, यावर आपण रात्र रात्र जागवतो आणि आपली अहिराणी शर्यतीच्या मैदानावरच दिसत नाही, याचं कोणाला काही वाटत नाही. याचा मला त्रास होतो.

राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकनं जाहीर होतच नाहीत. निर्माता प्रवेशिका भरतो, पाच विभागीय समित्या चाळणी लावतात, मग केंद्रीय समिती थेट निकाल देते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पुरस्कार आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. अनुसूचीबाहेरच्या भाषांसाठीही तसाच पुरस्कार आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत तो गारो आणि ताई फाके या भाषांतल्या सिनेमांना मिळाला. ताई फाके आसामातल्या मोजक्या गावांत बोलतात. तुळूला मिळालाय, हरियाणवीला मिळालाय, छत्तीसगढीला मिळालाय. यातल्या हरियाणवी आणि छत्तीसगढी तर जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजल्या जातात.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' ही मराठीच्या पोटात नाही. अनुसूचीबाहेरच्या भाषांच्या यादीत तिचं स्वतंत्र नाव आहे. बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर, त्यातही मातृभाषा अहिराणी असं सांगणारे सोळा लाखांहून जास्त. दार उघडं आहे आणि आपण उंबऱ्याबाहेर बसून दुसऱ्यांच्या पंगतीत कोणाला वाढलं नाही ते मोजतोय.

माझं म्हणणं असं की अहिराणीत पूर्ण लांबीचा, गंभीरपणे केलेला सिनेमा व्हावा, तो अहिराणी म्हणूनच प्रवेशिकेत जावा, आणि राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांतही बोलीतल्या सिनेमासाठी वेगळा पुरस्कार असावा. पटत नसेल तर मोकळेपणाने लिहा.

अमळनेरचा मास्तर

पटत नाही. अजिबात नाही.

राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक कोणत्या सिनेमाला मिळालं? १९५४ मध्ये, 'श्यामची आई'ला. ते पुस्तक लिहिणारे साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. गुरुजी जन्माने कोकणातले, पण खान्देशाने त्यांना आपलं मानलं आणि त्यांनी खान्देशाला. त्यानंतर मराठीला ते सर्वोच्च पदक पुन्हा मिळायला पन्नास वर्षं गेली, 'श्वास'पर्यंत. पुढे 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. ही कमाई मराठी म्हणून एकत्र राहिलो त्याची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. लगेच वर्‍हाडीने वेगळा रकाना मागायचा, मालवणीने मागायचा, अहिराणीने मागायचा?

दुसरं. वेगळा रकाना मागणं म्हणजे मोठ्या स्पर्धेतून अंग काढून घेणं. सिनेमात दम असेल तर त्याने मराठीत उतरावं आणि जिंकावं. ज्या रकान्यात एकच प्रवेशिका येते, तिथल्या बक्षिसाने पोरांचं नुकसान होतं. वर्गात एकटाच बसलेला मुलगा पहिला आला म्हणून मी कधी पेढे वाटले नाहीत.

पांझराकाठ (धुळे)

मास्तर, तुम्ही 'देऊळ'चं नाव घेतलंत म्हणून विचारतो. ५९व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'देऊळ'ला एकट्याला मिळालं नव्हतं, ते विभागून होतं. दुसरा सिनेमा 'ब्यारी'. ब्यारी ही कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या मुस्लिम समाजाची बोली. तिला मल्याळमची बोली म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या माणसांनी आधी मल्याळममध्ये जिंका आणि मग या, असं कोणी म्हटलं नाही. बोलीतला सिनेमा देशातल्या सगळ्या भाषांशी भिडला आणि मराठीच्या शेजारी जाऊन बसला.

भाषेच्या पुरस्कारासाठी पात्र ठरला म्हणून मोठ्या पुरस्काराचं दार बंद होत नाही. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय.

चाळीसगाव लोकल

मी कॅमेरा चालवतो. लग्नाचं शूटिंग, अहिराणी गाणी, कॉमेडीचे व्हिडिओ, जे येईल ते. म्हणून धंद्यातलं सांगतो.

अहिराणीला प्रेक्षक नाही असं म्हणूच नका. आपल्या गाण्यांवर नाशिक-पुण्याच्या वरातीसुद्धा नाचतात, यूट्यूबवर लोक कोट्यवधी वेळा बघतात. पण त्यातलं काहीही राष्ट्रीय पुरस्काराला चालत नाही. तिथे सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्याच वर्षातलं. यूट्यूबला ते लागत नाही म्हणून कोणी काढत नाही. पूर्ण लांबीचा सिनेमा करायचा म्हणजे कलाकार महिनाभर अडकवायचे, साउंड नीट करायचा, सेन्सॉरचा खर्च, आणि त्यानंतर थिएटरवाल्याच्या पाया पडायचं. जळगावात चांगल्या मराठी सिनेमालाच दुपारचा एखादा शो मिळतो. तो बघायला माणूस सुट्टी टाकून येणार का? अहिराणी कोण लावणार?

पुरस्काराने माझ्या युनिटच्या पोरांना जेवण मिळत नाही. गाण्याने मिळतं. आणि मालेगाव बघा ना. जिल्हा नाशिक, पण माणसं आपल्यासारखीच. तिथल्या पोरांनी घरच्या कॅमेऱ्यावर सिनेमे केले. त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आला, २०२४ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' टोरांटोच्या महोत्सवात गेला. टाळ्या झाल्या. पण पडद्यावर मोठे झाले ते त्यांच्यावर सिनेमा करणारे. बाहेरच्यांना आपली गोष्ट हवी असते, आपण केलेला सिनेमा नको असतो. म्हणून मी पुरस्काराच्या मागे लागत नाही.

रावेरकर

एक मुद्दा सगळेच गाळताय. खान्देश म्हणजे अहिराणी, हे कोणी ठरवलं? रावेर-यावल-फैजपूरकडे आम्ही लेवा गणबोली बोलतो. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची गाणी लेवा वळणाची, तरी बाहेरचे लोक बिनधास्त 'अहिराणी कवयित्री' लिहून मोकळे होतात. उद्या 'खान्देशी चित्रपट' म्हणून पुरस्कार सुरू झाला तर त्यात आमची बोली कुठे बसणार? धुळ्याचा अहिराणीवाला परीक्षक आमच्या सिनेमाला 'हे तर मराठीच वाटतं' म्हणणार, आणि मुंबईवाला म्हणणार 'ही तर बोली आहे'. आम्ही दोन्हीकडून जाणार.

वेगळ्या रकान्याला माझा विरोध नाही. आधी त्या रकान्याला काय नाव देणार ते सांगा.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

रावेरकर दादांनी विषय काढलाच आहे तर पुढचं मी बोलते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचीबाहेरच्या भाषांत सगळ्यात मोठी भाषा भिली आहे, बोलणारे एक कोटीच्या वर. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, नवापूरकडे मावची. आमच्या बाजारात अहिराणी ही दुकानदाराची भाषा असते. तुम्ही मुंबईकडे बघून 'आम्हाला डावललं' म्हणता, तेव्हा आम्ही तुमच्याकडे बघून तेच म्हणतो.

तरीही मी पांझराकाठ भाऊंच्या बाजूने आहे. चाळीसगावचे दादा पैशाचं बोलले, माझा मुद्दा वेगळा आहे. पुरस्कारापर्यंत जाणाऱ्या मराठी सिनेमातला आदिवासी माणूस बहुतेक वेळा गप्प असतो, नाहीतर मोडकं मराठी बोलतो. अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते हसवायला येतं, गडी किंवा वेंधळा पाहुणा म्हणून. मग त्या बोलीत कोणी दुःख सांगू शकतं हे परीक्षकाच्या कानाला कसं कळणार? त्याने ते कधी ऐकलेलंच नसतं. बोलीचा पुरस्कार असला तर निदान वर्षातून एकदा पाच जाणत्या माणसांना तो सिनेमा शेवटपर्यंत बसून बघावा लागेल. मला तेवढं हवंय, पदक नंतर.

पुण्यातला खान्देशी

मी 'डावललं' या ओरडण्याबद्दलच लिहितो, कारण मला त्यात खोट दिसते.

'सैराट'ला राष्ट्रीय पुरस्कारात डावललं असं आजही लोक म्हणतात. ६३व्या पुरस्कारांत रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख मिळाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'रिंगण'. पण ते पुरस्कार मार्च २०१६ च्या शेवटी जाहीर झाले आणि 'सैराट' लागला एप्रिलच्या शेवटी. समितीने तो बघितला तेव्हा ती गर्दी, ती गाणी, ते वेड काहीच नव्हतं. आपण नंतरच्या वेडाच्या मापाने आधीच्या निकालाला दोष देतो.

आपल्या शिरपूरच्या पाटलांच्या घरातल्या स्मिताचं घ्या. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८२ च्या 'उंबरठा'साठी नाही मिळाला. 'उंबरठा' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि अभिनेत्रीचा पुरस्कार गेला रेखाकडे, 'उमराव जान'साठी. माझ्या मनाने विचाराल तर 'उंबरठा'तली स्मिता तिच्या सगळ्या कामांत वरची. शेवटी घर सोडून जाणारी ती बाई माझ्या आईने बघितली आणि आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. पण 'उमराव जान'मधली रेखा कमी होती असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्या वर्षी दोघी होत्या, पुरस्कार एक होता. प्रत्येक हुकलेल्या पुरस्काराला अन्याय म्हटलं की खरा अन्याय ओळखू येईनासा होतो.

म्हणून माझं मत मास्तरांच्या जवळ जातं. आधी सिनेमा करा. झालेला सिनेमा नाकारला गेला तर मी तुमच्यासोबत रस्त्यावर येईन.

चाळीसगाव लोकल

> आधी सिनेमा करा.

दादा, पैसा कोन लाई? पुन्यामा बठीसन सांगनं सोपं शे.

'श्वास' २००४ मध्ये ऑस्करला निघाला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी दिली होती. तरी शेवटच्या पाचात नाव आलं नाही. अख्ख्या राज्याने जोर लावला त्या मराठीची ही गत, तर आमच्या अहिराणीसाठी कोण वर्गणी काढणार?

पांझराकाठ (धुळे)

पुण्यातल्या भाऊंनी स्मिता पाटीलबद्दल लिहिलं ते मला मान्य आहे. समितीने दोन चांगल्या कामांतलं एक निवडलं तर तो अन्याय नाही. म्हणूनच मी निकालाबद्दल बोलत नाही, मी प्रवेशिकेबद्दल बोलतोय. आपण आजवर समितीला आपल्याला नाकारायची संधीसुद्धा दिलेली नाही.

चाळीसगाव भाऊ, ऑस्करचा खर्च आणि राष्ट्रीय पुरस्काराचा खर्च यांची तुलना होत नाही. ऑस्करला तिकडच्या मतदारांना सिनेमा दाखवत फिरावं लागतं, जाहिरात करावी लागते. राष्ट्रीय पुरस्काराला असला प्रचार लागत नाही. अर्ज, शुल्क, प्रमाणपत्र आणि सिनेमा. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची भाषा छापलेली असते. तिथे विकायला सोपं जावं म्हणून 'मराठी' लिहिलं की विषय तिथेच संपला. मोठ्या पडद्याचा विचार करणारे आपले निर्माते नेमकं तेच करतात, संवाद 'सगळ्यांना कळतील असे' करून घेतात आणि अहिराणी उरते दोन विनोदांपुरती.

रावेरकर नाना, नंदुरबारच्या ताई, नावाचा मुद्दा खरा आहे. राज्याच्या पुरस्काराला 'खान्देशी' नाव नकोच. 'महाराष्ट्रातील बोली व आदिवासी भाषांतील चित्रपट' असं म्हणा. त्यात लेवा, पावरी, मावची, वर्‍हाडी, मालवणी सगळ्या येतील, आणि परीक्षकांत ती भाषा जाणणारा एक माणूस सक्तीचा. मास्तरांची एकाच प्रवेशिकेची भीतीही त्याने जाईल, कारण त्या रकान्यात अहिराणीला पावरीशी भिडावं लागेल.

रावेरकर

हे नाव चालेल. परीक्षकाची अट लेखी हवी.

अमळनेरचा मास्तर

माझं मत तेच आहे. अहिराणी ही मराठीचीच लेक आहे, जनगणनेचा तक्ता काहीही सांगो. मी घरात अहिराणी बोलतो आणि फळ्यावर मराठी लिहितो, मला त्यात कधी तुटलेपण जाणवलं नाही. नंदुरबारच्या ताईंचा मुद्दा मात्र वजनदार आहे. बोलीतलं दुःख परीक्षकाच्या कानाला सवयीचं नाही, हे खरं. पण त्यावर वेगळा रकाना हा इलाज नाही. त्याच मराठीच्या रकान्यात असा सिनेमा पाठवा की त्याला ऐकावंच लागेल.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

सर, तो 'असा सिनेमा' पहिल्याच प्रयत्नात होत नसतो. मराठीलासुद्धा 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षं लागली, हे तुम्हीच वर लिहिलंय. मधल्या पन्नास वर्षांत मराठीला दरवर्षी स्वतःचा भाषेचा पुरस्कार होता, म्हणून लोक सिनेमे करत राहिले. आम्हाला तो मधला काळ कोण देणार?

चाळीसगाव लोकल

ताईचं हे पटलं. मी पैशाचं रडगाणं गातो ते उगाच नाही, पण कॅमेरा माझा आहे, एडिटिंगची मशीन माझी आहे, दोन पोरं साउंड शिकून आलीत. कोणाकडे दोन तासांची संहिता आहे का? विनोदी नको, त्या माझ्याकडे ढीगभर पडल्यात.

पांझराकाठ (धुळे)

आहे. कापसाच्या गाडीवरच्या एका बाईची गोष्ट, सगळी अहिराणीत, अर्धी लिहून झालीय. पावसाळ्यापर्यंत पुरी करतो. मास्तर, पहिलं वाचन तुमच्याकडे देऊ का?

अमळनेरचा मास्तर

द्या. व्याकरण सोडून सगळं तपासीन. आणि प्रवेशिका मराठीतच भरा, हे शेवटच्या पानावर लिहून परत पाठवीन.