मदत हवी आहे: रास्पबेरी पायचा हॉटस्पॉट तालमीत बिनचूक चालतो, प्रयोगात मात्र कंदील उशिरा विझतो

नमस्कार. सांगलीतील एका हौशी नाट्यसंघाच्या दोन अंकी नाटकाची प्रकाशयोजना मी सांभाळते. नोकरीने इलेक्ट्रॉनिक्सची शिक्षिका असल्यामुळे सोल्डरिंगचे भय नाही, परंतु नेटवर्कच्या बाबतीत माझे ज्ञान गरजेपुरतेच आहे. पुढचा प्रयोग ५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनी आहे, आणि त्यापूर्वी खालील अडचणींचा उलगडा व्हावा यासाठी हा धागा काढत आहे.

नाटकाचा दुसरा अंक वीज गेलेल्या वाड्यात घडतो आणि रंगमंचावर तीन कंदील असतात. प्रत्येक कंदिलात वायफाय असलेला एक छोटा ईएसपी८२६६ बोर्ड व डब्ल्यूएस२८१२ जातीच्या बारा एलईडींची कडी बसवली असून काचेला आतून बटर पेपर लावला आहे. बोर्डावर डब्ल्यूएलईडी ही एलईडी वायफायवरून चालवणारी प्रणाली आहे. सुरुवातीला आत पॉवर बँक ठेवली होती, पण वात बारीक केली की प्रवाह इतका कमी होई की पॉवर बँक स्वतःच झोपी जाई. म्हणून आता १८६५० जातीचा रिचार्जेबल लिथियम सेल व व्होल्टेज वाढवणारा छोटा बोर्ड वापरते.

नियंत्रणासाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आहे व त्यावर क्यूएलसी प्लस हे प्रकाशयोजनेचे सॉफ्टवेअर चालते. मुख्य दिव्यांच्या आज्ञा यूएसबी-डीएमएक्स जोडणीतून (डीएमएक्स ही रंगमंचाच्या दिव्यांना केबलने आज्ञा देण्याची पद्धत) डिमरकडे, नेहमीच्या केबलने जातात. तीन कंदिलांना आर्टनेटचे, म्हणजे त्याच आज्ञा नेटवर्कवरून पाठवण्याच्या पद्धतीचे, तीन युनिव्हर्स (चॅनेलांचे गट) दिलेले असून ती माहिती पायच्याच हॉटस्पॉटवरून जाते.

हॉटस्पॉट उभा करण्यातच माझे दोन रविवार गेले, तेही सांगून ठेवते. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये होस्टएपीडी, डीएनएसमास्क आणि डीएचसीपीसीडी या नेटवर्क प्रोग्रामांच्या फाइली हाताने बदलायला सांगितलेले असते. मी ते सर्व निष्ठेने केले, पण पायच्या कार्यप्रणालीच्या २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे गेल्यामुळे दोन्ही यंत्रणा एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या. शेवटी ते सर्व काढून टाकले, वायफायसाठी देश म्हणून भारत निवडला (तो निवडल्याशिवाय रेडिओ कुलूपबंदच राहतो) आणि नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय या साधनातील एका आज्ञेने हॉटस्पॉट तयार केला. पायला १०.४२.०.१ हा पत्ता मिळाला, कंदील जोडले गेले आणि तालमीच्या हॉलमध्ये महिनाभर एकही चूक झाली नाही. तालमीत मी लॅपटॉप केबलने पायला जोडून काम करत होते. प्रयोगात जागा अडचणीची असल्यामुळे टॅबलेटवरून, वायफायनेच, क्यूएलसी प्लसचे वेब पान उघडते.

पहिल्या दोन प्रयोगांत पुढील तीन गोष्टी घडल्या.

पहिली: दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी पाय चालू केला, पण हॉटस्पॉट दिसेचना. तिसऱ्या घंटेला पाच मिनिटे असताना दोनदा वीज बंद-चालू केल्यावर तो आला.

दुसरी: नाटकातली आजी कंदिलाची वात हळूहळू खाली करते तो क्षण. डिमरवरचे दिवे क्यूवर (दिवे बदलण्याच्या ठरलेल्या क्षणी) अचूक उतरले, कंदील मात्र पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने मंद झाला आणि आजीचा हात खाली आल्यानंतर अर्ध्या-पाऊण सेकंदाने पोहोचला.

तिसरी, आणि सर्वांत लाजिरवाणी: आजी काचेवर फुंकर घालते, काळोख होतो, आणि त्या काळोखात कंदील आपणहून नारिंगी रंगात पेटला. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा विझला. प्रेक्षक हसले. आजीचे काम करणाऱ्या बाईंनी प्रसंगावधान राखून पुन्हा एकदा फुंकर घातली म्हणून बरे, पण पुढचा संवाद मृत्यूविषयीचा होता.

पाय प्रेक्षागृहाच्या मागच्या कक्षात, ॲल्युमिनियमच्या खोक्यात असतो. तेथून रंगमंच सुमारे वीस मीटरवर आहे. वेगळा राउटर घ्यावा का, की पायच्या हॉटस्पॉटमध्येच काही सुधारता येईल?

प्रतिसाद १

राउटर घेण्याची घाई करू नये. आपल्या वर्णनातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो: तालमीत लॅपटॉप केबलने जोडलेला होता आणि प्रयोगात टॅबलेट वायफायवर होता. प्रयोगाच्या वेळी हॉटस्पॉटला आणखी कोणाचे मोबाइल जोडलेले होते का? त्याचबरोबर क्यूएलसी प्लसमध्ये आर्टनेटच्या आउटपुटचा पत्ता काय दिसतो तेही पाहावे. तो २५५ ने संपत असेल तर आपण प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) एका कंदिलाला नव्हे, तर जोडलेल्या सर्वांना उद्देशून प्रक्षेपित करत आहात, आणि मुळात कोणी बदलले नसेल तर तेथे तोच पत्ता असतो.

केबलच्या नेटवर्कवर असे प्रक्षेपण निरुपद्रवी असते, पण वायफायवर त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, सर्वांसाठी असलेले पॅकेट सर्वांत संथ वेगाने, बहुधा १ मेगाबिटने पाठवले जाते आणि ते पोहोचल्याची पोचपावती कोणी देत नाही, त्यामुळे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जात नाही. पूर्ण ५१२ चॅनेलांचे आर्टनेट पॅकेट ५३० बाइटांचे असते. त्याला या वेगाने हवेत सुमारे पाच मिलिसेकंद लागतात. सेकंदाला चाळीस पॅकेटे आणि तीन युनिव्हर्स असा हिशेब केला, तर प्रत्येक सेकंदातील सहाशे मिलिसेकंद हवा आपणच अडवून ठेवता. रिकाम्या हॉलमध्ये हे खपून जाते, पण तीनशे प्रेक्षकांच्या खिशांतील मोबाइल त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलू लागले की खपत नाही.

दुसरा परिणाम अधिक छुपा आहे. जोडलेल्यांपैकी एक जरी उपकरण वीज वाचवण्यासाठी डुलकी घेत असेल, तर हॉटस्पॉटला सर्वांसाठीची पॅकेटे अडवून ठेवावी लागतात आणि ठरावीक बीकनच्या (हॉटस्पॉट आपले अस्तित्व कळवतो त्या संदेशाच्या) वेळीच ती एकगठ्ठा सोडावी लागतात. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी जातो, आणि दर दुसऱ्या बीकनला ही मुभा असेल तर सुमारे एक पंचमांश सेकंदाची माहिती साचून एकदम बाहेर पडते. आपल्याला दिसलेल्या पायऱ्या त्या याच असाव्यात. पडदा मालवून खिशात ठेवलेला एक मोबाइल तिन्ही कंदिलांना थांबवू शकतो तो असा.

उपाय असा की प्रत्येक युनिव्हर्सच्या आउटपुटमध्ये त्या त्या कंदिलाचा स्वतःचा पत्ता लिहावा. त्यासाठी पत्ते स्थिर हवेत. ते डब्ल्यूएलईडीच्या वायफाय सेटिंगमध्येच देता येतात. नेटवर्कमॅनेजर पत्तेवाटप १०.४२.०.१० पासून सुरू करतो, म्हणून कंदिलांना १०.४२.०.२, ३ आणि ४ दिल्यास टक्कर होणार नाही. तेथेच वायफायची झोप बंद करण्याचा पर्याय आहे, तोही निवडावा, नाहीतर कंदील स्वतःच डुलक्या घेतील.

नारिंगी ज्योतीचे कारणही येथेच आहे. बाहेरून येणारी माहिती अडीच सेकंद थांबली की डब्ल्यूएलईडी तिची वाट पाहणे सोडून स्वतःच्या मूळ अवस्थेवर परत जाते, आणि कारखान्यातून आलेली ती अवस्था म्हणजे नारिंगी प्रकाश. वीज मिळताच दिवा लागण्याचा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे परत जाण्याची अवस्था काळोखाची राहील. मग संपर्क तुटला तरी कंदील विझलेलाच राहील. पेटलेला कंदील भलत्याच वेळी विझण्याचा धोका त्यात आहे हे मान्य, पण तो वाऱ्यावर ढकलता येतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पहिल्या अडचणीबद्दल माझा संशय वेगळाच आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी आपण कधी पायला कोणाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडले होते का? तसे असल्यास ती जोडणी पायच्या लक्षात राहते. पायवर वायफायचा एकच रेडिओ असल्यामुळे तो सुरू होताना एकतर स्वतः हॉटस्पॉट बनतो किंवा ओळखीच्या हॉटस्पॉटचा पाहुणा होतो. दोन्ही जोडण्यांचे प्राधान्य समान असेल, तर अलीकडे वापरलेली जोडणी आधी निवडली जाते. तो मोबाइल त्या दिवशी नाट्यगृहात होता आणि त्याचा हॉटस्पॉट चालू होता, असे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. जुनी जोडणी पुसून टाकावी, आपल्या हॉटस्पॉटची आपोआप जोडणी चालू करावी आणि तिचे प्राधान्य शंभर असे मोठे ठेवावे.

प्रतिसाद ३

थोडक्यात तीन गोष्टी. पाय मागच्या कक्षातून उचलून विंगेत आणावा. माणसांची शरीरे २.४ गिगाहर्ट्झ चांगलेच शोषून घेतात आणि आपल्या मांडणीत संपूर्ण प्रेक्षागृह मध्ये येते. कक्षापासून विंगेपर्यंत इथरनेट केबल टाकली की लॅपटॉप मागेच राहू शकतो. ॲल्युमिनियमचे खोके बदलून प्लास्टिकचे घ्यावे, कारण पायचा अँटेना बोर्डावरच असतो आणि धातूत त्याचा श्वास कोंडतो. आणि कलाकारांचे कॉलर माइक त्याच पट्ट्यातील आहेत का ते ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला विचारावे. असतील तर त्यांच्यापासून लांबचे वायफाय चॅनेल १, ६ व ११ पैकी निवडून हॉटस्पॉटला पक्के करून टाकावे.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये दोन तास बसून एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली.

आउटपुटचा पत्ता खरोखरच १०.४२.०.२५५ होता. आधी तो तसाच ठेवून, फक्त लॅपटॉप केबलने जोडून, वात उतरवली: गुळगुळीत. मग माझा मोबाइल हॉटस्पॉटला जोडला, पडदा मालवून टेबलावर पालथा ठेवला आणि तोच क्यू पुन्हा दिला. मोबाइलला झोप लागताच कंदील पायऱ्या उतरू लागला. मोबाइल जागा केला की पुन्हा गुळगुळीत. हे मी सात-आठ वेळा केले, कारण डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. तीनशे प्रेक्षक नसलेल्या खोलीत हा दोष हुकमी निर्माण करता आला याचाच मला अधिक आनंद झाला.

त्यानंतर तिन्ही कंदिलांना स्थिर पत्ते दिले, आउटपुट स्वतंत्र केले आणि कंदिलांची झोप बंद केली. आता झोपलेला मोबाइल जोडलेला असला तरी वात सलग उतरते. पायवरून कंदिलाला पिंग केल्यावर (म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजल्यावर) पूर्वी मधूनच अडीचशे मिलिसेकंदांपर्यंत जाणारा आकडा आता दहाच्या वर क्वचितच जातो. झोप बंद केल्यामुळे सेल लवकर उतरेल ही भीती होती, म्हणून कंदील सलग चालू ठेवून पाहिला. दुसरा अंक पन्नास मिनिटांचा आहे आणि सेल तीन तास पुरला.

नारिंगी प्रकाशाचीही परीक्षा घेतली. काळोखाच्या क्यूवर क्यूएलसी प्लस मुद्दाम बंद केले आणि घड्याळ लावून पाच मिनिटे कंदिलाकडे पाहत बसले. तो पेटला नाही.

हॉटस्पॉट न दिसण्यामागचा संशयही खरा निघाला. सप्टेंबरमध्ये आमच्या दिग्दर्शकांच्या मोबाइलवरून मी पाय अद्ययावत केला होता आणि दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी ते विंगेत बसून त्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कोणालातरी तिकीटविक्रीचा तक्ता दाखवत होते. ती जोडणी पुसली, आमच्या हॉटस्पॉटला प्राधान्य दिले आणि शेजारी त्यांचा हॉटस्पॉट चालू ठेवून पाय दहा वेळा सुरू केला. दहाही वेळा आमचेच नाव दिसले. कॉलर माइक वेगळ्या पट्ट्यातील आहेत. इथरनेटची पंचवीस मीटर केबल आणि प्लास्टिकचे खोके आज आणले, त्यामुळे टॅबलेटला आता सुट्टी आहे.

शेवटची सूचना मी आपणहून अमलात आणली: हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलला असून तो दिग्दर्शकांना सांगितलेला नाही.