अनुभव धागा: ध्यानाला बसता, मग गाणं सुटलं का?

सांगलीकर (धागाकर्ता): मंडळी, दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून परवा आलो. पहाटे चारला घंटा, मौन, गाणं बंद. सातव्या दिवशीही डोक्यात एक लावणी अशी ठाण मांडून बसलेली की श्वास बिचारा दाराबाहेर. आता घरी गाडीतली गाणी बंद ठेवावीत का? शास्त्र कमी, स्वतःचं सांगा.

जवारी, मिरज: आमचा धंदाच आवाजाचा. जवारी लावायची म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा केसभर पुढंमागं सरकवत बसायचं, सूर खुलेपर्यंत. शिबिरात पाचव्या दिवशी ध्यानात आलं, मी पंख्याचा सूर जुळवतोय! पेटीच्या काळी दोन पट्टीच्या जरा खाली होता. चिडचिड झाली. आवाजाचा त्रास नव्हता, तो बरोबर लागावा ही माझी खाज होती. प्रवचनात सोण भिक्षूची गोष्ट आली. चालून चालून त्याचे तळपाय रक्ताळले, तो मूळचा वीणा वाजवणारा, म्हणून बुद्धांनी त्याला तारेवरूनच समजावलं: फार ताणली तर बिघडते, ढिली सोडली तरी. सगळे माना डोलवत होते. आम्हाला हे वडिलांनी टपली मारून शिकवलंय. दर्ग्याच्या उरुसातली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा मी चुकवत नाही. दुसऱ्या दिवशी ध्यानाच्या बैठकीत मन माकडासारखं होतं, हेही खरं.

कृष्णाकाठ, कराड: आमच्या घरी धम्म आला तोच भीमगीतांतून. पौर्णिमेला मी अष्टशील, म्हणजे दिवसभराचे आठ नियम घेते, त्यात नाचगाणं वर्ज्य. म्हणजे आजीची गाणीसुद्धा? आजी म्हणाली, "एक दिस गप बसलीस तर बाबासाहेब रागवत न्हाईत." दिवसभर पाळलं, आणि संध्याकाळी वंदनेच्या गाथा इतक्या लांबवून म्हटल्या की भन्तेजी हसले. धम्म सुरात लांबवण्याचे पाच तोटे बुद्धांनीच सांगितलेत म्हणे, पहिलाच आपल्या आवाजावर आपणच लुब्ध होणं. पकडली गेले!

चार भिंती, सातारा: ताई, त्याच बुद्धांनी पंचशिख गंधर्वाच्या वीणेला दादही दिलीय. गाणं चक्क प्रेमाचं होतं. माझं विचाराल तर वर्षभर गाणं सोडलं, आणि कंदी पेढ्यांचा डबा जवळ आला. तीन किलो.

सांगलीकर: आज गाडीत गाणं लावलं नाही. अंकलीच्या पुलापर्यंत मीच गुणगुणत होतो. तीच लावणी.