मदत हवी आहे : ठाण्याजवळ आकाशनिरीक्षणासाठी अंधारी आणि सुरक्षित जागा

आम्ही घोडबंदर रस्त्याला राहतो. इमारतीच्या गच्चीवरून गुरू, शनी आणि चंद्रावरची विवरे छान दिसतात. परंतु देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी मुळीच दिसत नाही आणि १०x५० द्विनेत्रीतूनही (दोन्ही डोळ्यांनी पाहायची, दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण) तिचा जेमतेम धुरकट ठिपका जाणवतो. येऊरचा विचार केला होता, पण तो वनक्षेत्राचा भाग असल्याने रात्री तेथे थांबणे योग्य नाही, आणि खाली पसरलेल्या शहराचा उजेड तेथेही पोहोचतोच. वांगणीचे नाव आकाशप्रेमींमध्ये जुने व मानाचे आहे. मात्र आम्ही गेलो तेव्हा पश्चिमेकडचे आकाश बरेच वर उजळलेले होते.

आता मुरबाड–माळशेज किंवा कर्जतच्या पुढचा परिसर पाहावा, असे वाटते. स्वतःची गाडी आहे, दोन तासांपर्यंतचा प्रवास चालेल. सोबत शाळकरी मुलगी व वयस्क वडील असल्याने रस्त्याकडेला किंवा माळरानावर थांबता येणार नाही. स्वच्छतागृह आणि रात्री राहण्याची सोय आवश्यक आहे. डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावासाठी मोकळे आकाश हवेच, शिवाय एप्रिलमध्ये दक्षिणेकडे खाली दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पाहायचा असल्याने दक्षिण क्षितिजावर डोंगर किंवा गावाचे दिवे नसावेत, ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट आहे.

या भागात विनंती केल्यावर अंगणातले दिवे खरोखर मालवणारे एखादे कृषी पर्यटन केंद्र किंवा शेतघर आपण स्वतः पाहिले आहे का, आणि तेथून दक्षिणेचे आकाश कितपत खाली दिसते?