सोसायटी ग्रुप : लॉट ६४ मधलं तळं

ए-२०३ : नमस्कार. एका छोट्या ऑनलाइन लिलावाची यादी आलीय, त्यातल्या लॉट ६४ चा फोटो टाकते. यादीत लिहिलंय, 'अज्ञात चित्रकार, राजस्थानी तलाव, कागदावर जलरंग, सुरुवातीची बोली ८,०००'. मला हे राजस्थान वाटत नाही. पाण्यातला मंडप बघा जरा.

सी-१०२ : अगं, संध्यामठ की तो! आपल्या कोल्हापूरचा रंकाळाच आहे.

बी-४०१ : शंकाच नाही, संध्यामठ. आणि पाणी उतरून खांब उघडे पडतात त्या दिवसांतला. फोटो मोठा करून बघा, खांबांवर पाण्याच्या जुन्या पातळीची फिकट रेघ दिसेल. काठावर बसून बघितल्याशिवाय ती रेघ कुणाला सुचत नाही. हात चांगला आहे माणसाचा. पाण्यातली सावली एका दमात ओल्या रंगात सोडलीय, परत हात लावलेला नाही.

ए-३०४ : सर, मग शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार अबालाल रहिमान तर नव्हेत? लाखांत जाईल की हे!

बी-४०१ : त्या नावाकडं इतक्यात जाऊ नका. चित्राच्या डाव्या कडेला, पलीकडच्या काठावर झाडांच्या वर काय डोकावतंय बघा.

ए-३०४ : देऊळ आहे का?

ए-२०३ : मनोरा आहे. शालिनी पॅलेसचा!

बी-४०१ : बरोबर. शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ मध्ये बांधला. अबालाल १९३१ सालीच गेले. मनोरा उभा राहिलेला त्यांनी बघितलाच नाही, मग काढतील कुठनं? चित्र त्यानंतरचं आहे.

सी-१०२ : म्हणजे फसवणूक म्हणायची?

बी-४०१ : फसवणूक कशी, वहिनी? विकणाऱ्यानं अबालालांचं नावच घेतलेलं नाही, त्याला तर तळंही ओळखता आलेलं नाही. उलट कुणी खाली सही घालून 'अबालाल' म्हणून विकायला काढलं असतं, तर सावध व्हायला पाहिजे होतं. शाहू महाराज १९२२ ला गेल्यावर अबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तळ्यात सोडली असं सांगतात. उरली ती थोडी, मागणी मोठी. अशा नावामागं नकली माल येतोच.

बी-१०३ : सर, पण नशीब असलं तर होतंय की. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं ते सॅलिसबरी कॅथीड्रलचं चित्र, २०१३ ला लंडनमध्ये ख्रिस्टीज या लिलावघरानं साडेतीन हजार पौंडांना विकलं, आणि २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजकडं तेच बावन्न लाख डॉलरला गेलं.

बी-४०१ : खरं आहे. पण ते कसं झालं तेही बघा. यादीत 'कॉन्स्टेबलच्या अनुयायाचं' असं घातलं होतं, कारण मागाहून कुणीतरी त्यावर जाड रंग चढवला होता. घेणाऱ्यानं तो रंग काढून घेतला, जाणकारांचं मत मिळवलं, मग किंमत आली. म्हणून यादीतला शब्दन् शब्द वाचायचा. 'अमक्याचं', 'अमक्याचं असावं', 'अमक्याच्या शैलीत' आणि 'अमक्यावरून नक्कल' या चार वेगळ्या गोष्टी आहेत, चारींचे भावही वेगळे.

आता आपल्या कामाचं सांगतो. छोट्या लिलावात घरंच्या घरं रिकामी होऊन माल येतो. घड्याळं, कंदील, बरण्या, आणि त्यातच चार फ्रेमा. यादी करणारा परगावचा. सही नाही, काच मळकी, फोटो तिरका, गावाचं नाव चुकलेलं, म्हणून भाव पडतो. बाबूराव पेंटरांपासून पुढं या गावात इतके हात तयार झाले, त्यातल्या कितीतरी चांगल्या माणसांची नावं कोल्हापूरबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. ती ओळख आपल्याकडं आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंच्या संग्रहालयात निवांत उभं राहून बघा. डोळा तिथं तयार होतो, मोबाईलवर होत नाही.

डी-२०१ : कायद्याचं एक सांगून ठेवतो. शंभर वर्षांवरचं चित्र १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, परदेशी नेता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. सरांच्या हिशेबानं हे चित्र अजून त्यात बसत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल अशा ठरावीक नऊ चित्रकारांचं मात्र वय न बघता बाहेर नेता येत नाही.

सी-१०२ : रविवर्म्यावरून आठवलं, आमच्या बेळगावच्या पाहुण्यांकडं लक्ष्मी आहे मोठी. ती ओरिजिनल असेल का?

बी-४०१ : बहुतेक छापील असणार, वहिनी. १८९४ ला त्यांचा छापखाना निघाला, तेव्हापासून घरोघरी गेल्या त्या. भिंगातून बघायला सांगा. छपाईचे बारीक ठिपके दिसले की कळलं. जुनी असेल तर तिलाही मोल आहे, पुसायला घेऊ नका म्हणावं.

ए-२०३ : सर, आता त्यांच्याकडून काय काय मागवू?

बी-४०१ : पहिला मागचा फोटो. पुढच्या बाजूपेक्षा पाठ जास्त बोलते. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीतलं नाव, जुना किमतीचा आकडा, काहीही असू शकतं. फ्रेममधून काढायला तयार असतील तर कागद उजेडासमोर धरून फोटो मागव, कारखान्याचं पाणचिन्ह दिसतं. मग कडा बघ. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेला रंग ताजा आणि बाकीचा उडालेला असेल, तर चित्रानं वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय. जलरंगात गेलेला निळा परत येत नाही. तांबूस ठिपके ओलीचे असतात, थोडे चालतात. कसर लागलेली असेल तर सोडून दे. आणि काच कागदाला चिकटलीय का ते नक्की विचार. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास होतं, आणि काच काढताना रंग काचेबरोबर येतो.

बी-३०२ : उद्या टाकी धुणार आहेत, पाणी ९ नंतर येईल. चालू द्या तुमचं.

ए-३०४ : पण सर, पाच वर्षांत दुप्पट होतील का पैसे?

बी-४०१ : त्या हिशेबानं घेऊ नका. सही नसलेलं चित्र घेणं सोपं आणि विकणं फार अवघड. विकताना लिलाववाला परत आपलं कमिशन कापणार. रंकाळ्याचा हा काठ रोज भिंतीवर बघावासा वाटतो का, तेवढं विचारा स्वतःला. मला वाटतो. त्या काळात कोल्हापुरात कुणीतरी इतकं मन लावून बघत होतं, आणि ते 'राजस्थान' म्हणून कुठल्यातरी गोदामात पडावं, हे सहन होत नाही मला.

ए-२०३ : मला हवंच आहे. १२ हजारांपर्यंत जाईन म्हणते.

डी-२०१ : वरचा खर्च धरलास का? बोलीवर लिलाववाल्याचा २० टक्के प्रीमियम म्हणजे २,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३२, चित्रावर ५ टक्के म्हणजे ६००. झाले १५,४३२. पॅकिंग-कुरिअर वेगळं. त्यांचे दर वेगळे असतील, अटींचं पान वाच.

ए-२०३ : बाप रे. मग बोली १० वर थांबवते.

बी-४०१ : आकडा कागदावर लिहून ठेव. आणि ऐक, लिलाव होईपर्यंत हा संध्यामठ आहे हे बाहेर कुठल्या ग्रुपवर टाकू नका कुणी.

ए-२०३ : पाठीच्या फोटोसाठी आत्ताच मेल केला.

बी-४०१ : आला की इथंच टाक. दिला नाही तर बोली लावू नकोस.