पाओ, पाला, पादा : सर्बियन मुलांचं ‘पडणं’

प्रश्न : माझी नात बेलग्रेडला वाढते आहे, वय अडीच. आई मराठी, बाबा सर्बियन. व्हिडिओ कॉलवर तिचं अस्वल पडलं की ‘पाओ!’, चेंडू पडला की ‘पाला!’, आणि बाहेर पाऊस दिसला की ‘पादा किशा’. तिन्ही आपल्या ‘पडणे’सारखेच वाटतात. जावई म्हणाले, ‘पादा’ हे वेगळं क्रियापद, त्याचा ‘वीद’ वेगळा. वीद म्हणजे काय? आणि एवढ्याशा पोरीला ते कळत असेल का?

उत्तर : काकू, आधी ‘पाओ’ आणि ‘पाला’ बाजूला काढू. ते एकच रूप आहे, एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. अस्वल तिकडे पुल्लिंगी, चेंडू म्हणजे ‘लोप्ता’ स्त्रीलिंगी. सर्बियनमध्ये शब्दाअखेरच्या ‘ल’चा ‘ओ’ झाला, म्हणून पाल न राहता पाओ. तुमची नात ज्या शहरात राहते त्याच्या नावातही हेच आहे : बेओग्राद म्हणजे पांढरं शहर, आणि पांढरी असेल तर ‘बेला’.

आपल्या ‘पडणे’शी साम्य दिसतं, पण सख्खं नातं नाही. आपला शब्द संस्कृत ‘पत्’वरून, प्राकृत ‘पडइ’मार्गे आला. तिकडच्या धातूचा संस्कृतातला भाऊ ‘पद्’, पद्यते.

आता वीद. रोजच्या सर्बियनमध्ये वीद म्हणजे दृष्टी, नजर. आपल्या ‘विद्’चा नातलग. व्याकरणात त्याचा अर्थ क्रियेकडे बघण्याची तऱ्हा. क्रिया अख्खी, तिच्या टोकासकट बघितली की ‘स्वर्शेनी’ वीद. तिच्या आत उभं राहून, चालू असताना बघितली की ‘नेस्वर्शेनी’. ‘स्वर्शेनी’च्या मुळाशी ‘व्र्ह’ आहे, म्हणजे शिखर. काम माथ्यापर्यंत नेलेलं. आपण ‘तडीस नेलं’ म्हणतो, त्यांनी डोंगर धरला. मराठीत यासाठी मी ‘क्रियाव्याप्ती’ वापरतो, पण त्यात बघणं हरवतं याची मला खंत आहे. ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ तर नकोच, लोक लगेच त्याचा भूतकाळ नि वर्तमानकाळ करून टाकतात.

कारण हे काळाचं प्रकरण नाही. जवळजवळ प्रत्येक क्रियेला तिकडे दोन क्रियापदं असतात, आणि दोन्हींना भूतकाळ असतो. ‘येला साम सुपु’ म्हणजे मी (मुलगी) सूप खात होते, खाल्लं. ‘पोयेला साम सुपु’ म्हणजे वाटी रिकामी. म्हणून ‘येला साम, अली निसाम पोयेला’ हे वाक्य बिनतक्रार चालतं : खाल्लं, पण संपवलं नाही. उलट ‘श्ता रादिश?’, काय करतेस, याला ‘येदेम’ एवढंच उत्तर. ‘पोयेदेम’ तिथे बसतच नाही. चालू क्षणाला शिखर कुठून असणार?

प्रश्न : पण मग मूल हे शिकतं कसं? घरात कुणी नियम सांगत नाही.

उत्तर : नियम नाही, प्रसंग शिकतं. अस्वल पडणं ही क्षणात आटपणारी गोष्ट, घडल्यावरच बोलली जाते, म्हणून ‘पाओ’, स्वर्शेनी. पाऊस पडत राहतो, म्हणून ‘पादा’, नेस्वर्शेनी. मोठी माणसंही बहुतेक वेळा असंच बोलतात, तेव्हा मुलाच्या कानावर हीच जोडी सारखी पडते. १९७६ साली इटालियन मुलांवरच्या अभ्यासात आंतिनुच्ची आणि मिलर हे संशोधक म्हणाले की लहान मुलं भूतकाळ आधी ज्यांचा परिणाम डोळ्यांसमोर उरतो अशा क्रियांनाच लावतात, काळाची कल्पना मागून येते. १९८४ साली रिचर्ड वाइस्ट आणि सहकाऱ्यांनी पोलिश मुलांचं बोलणं दाखवून त्याला हरकत घेतली. पोलिश सर्बियनची चुलत बहीण. तिथली मुलं लहानपणीच भूतकाळात दोन्ही वीद वापरतात. मला वाइस्टची बाजू पटते. पहिल्या जोड्या ठरावीक असतात एवढ्यावरून मुलाला काळ कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. सर्बियनसाठीही सामग्री आहे : आठ मुलांचं दीड ते चार वर्षांपर्यंतचं बोलणं नोंदवलेलं, ‘चाइल्ड्स’ या संग्रहात.

एक गोष्ट मला फार आवडते. मूल कागद हातात घेऊन उभं असतं. आई कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणते, ‘बात्सी!’ मग ते खेळणं भिरकावायला लागतं, तेव्हा ‘ने बात्साय!’ टाक, आणि टाकू नकोस. पण क्रियापद बदललं, कारण नकारी आज्ञेला सहसा चालू क्रियेचा वीद लागतो. दिवसातून वीस वेळा हे ऐकून जोडी कानात बसते. आपल्याकडेही बघा ना, ‘खाऊन टाक’ म्हणतो, पण नाही म्हणताना ‘खाऊ नकोस’. ‘टाक’ आपोआप गळतो. तुमच्या लेकीनं मराठीत हे नातीला कधी शिकवलं नसेल, तरी ती बोलेल.

प्रश्न : मग ‘पादा’च्या जागी ‘पाला’ म्हणाली तर दुरुस्त करू का?

उत्तर : नको काकू. ‘पाला किशा’ही बरोबर आहे, पाऊस पडून गेला. मी वाट बघतोय ती ‘पादाला’ची, म्हणजे पाऊस पडत होता : भूतकाळ, पण आतून बघितलेला. रात्रभर पाऊस झाला की सकाळी फोन लावा आणि विचारा, काल काय झालं. ‘पादाला किशा’ ऐकू आलं तर तारखेसकट इथे लिहा.